टर्कीच्या शिकारीसाठी शरीराची तयारी: आधी बसायला शिका

टर्की म्हणजे कोंबडीच्या कुळातला मोठा रानपक्षी. वसंतातला त्याच्या शिकारीचा हंगाम जवळ आला की अमेरिकेतले बरेच शिकारी धावायला लागतात. दम वाढतो, तो हवाच. पण हातातोंडाशी आलेली टर्की निसटते ती बहुधा बसल्या जागी पाय आखडल्यामुळे, कंबर भरून आल्यामुळे नाहीतर हात थरथरल्यामुळे. नर टर्की तुमच्या कॉलला, म्हणजे मादीच्या आवाजाच्या नकलेला, उत्तर देत येतो, पन्नास-साठ यार्डांवर झुडपाआड थबकतो आणि दहा-पंधरा मिनिटं नुसता पाहत राहतो. त्याला वास फारसा येत नाही, नजर मात्र विलक्षण आहे. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने मान जराशी वळवली की त्याला चहूकडचं दिसतं. तेवढ्या वेळात तुम्ही एकदा बूड सरकवलंत, तरी खेळ संपला.

म्हणून सरावाचा क्रम उलटा लावा. आधी बसणं, मग चढण-उतरण, मग ओझं, आणि दम सगळ्यांत शेवटी.

दक्षिण फ्लोरिडात हंगाम मार्चच्या सुरुवातीला उघडतो, उत्तरेकडच्या काही राज्यांत थेट मे महिन्यात. आपल्या राज्याची तारीख बघून आठ आठवडे मागे मोजा आणि तिथून सुरू करा. पंचेचाळिशी उलटली असेल, रक्तदाब किंवा साखर असेल, घरात कुणाला लवकर हृदयविकार झाला असेल, तर त्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्या. भारतीय वंशाच्या लोकांना हा आजार तुलनेने लहान वयात गाठतो. पहाटेची थंडी, चढ आणि पाठीवरचं ओझं हे तिन्ही एकदम हृदयावर येतं.

बैठक

जंगलात खांद्यांपेक्षा रुंद बुंध्याला पाठ लावून बसायचं असतं. गुडघे वर, टाचा जमिनीत रोवलेल्या, बंदूक गुडघ्यावर टेकलेली. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याने डावा खांदा पक्षी येण्याच्या दिशेला ठेवावा, म्हणजे बंदूक दोन्ही बाजूंना सहज फिरते. घरी हीच बैठक भिंतीला पाठ लावून करा. शिकारीच्या जॅकेटला जी गादी असते तीच खाली घ्या. पहिल्या आठवड्यात रोज १० मिनिटं, दर आठवड्याला ५ मिनिटं वाढवत आठव्या आठवड्यात ४५. मोबाइल दूर ठेवा आणि नजर एका जागी. नाक खाजलं तरी हात उचलायचा नाही.

दुखेल कुठे? पहिल्यांदा कंबरेत, कारण गुडघे वर आले की कंबरेचा बाक सपाट होतो आणि सगळा ताण मणक्याच्या खालच्या भागावर येतो. गादी दोन-तीन इंच जाड घेतली आणि बूड बुंध्याला अगदी चिकटवलं की हा ताण बराच उतरतो. त्यानंतर मुंग्या. मांडी घालून बसलात तर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, हाडाच्या टोकाजवळून जाणारी नस दाबली जाते आणि पाऊल बधिर होतं. आपल्याला लहानपणापासून मांडीची सवय, त्यामुळे ही चूक आपल्याकडून नकळत होते. मागच्या खिशातलं पाकीट, बुडाखाली आलेलं मूळ यांचाही तोच परिणाम: कळ मांडीतून पोटरीपर्यंत उतरते. बसण्याआधी अर्धा मिनिट घालवा, बुटाने काटक्या-दगड बाजूला सारा, खिसे रिकामे करा.

बधिर पायावर झटकन उभं राहणं ही यातली सर्वांत धोक्याची चूक आहे. घोटा मुरगळतो आणि हातात भरलेली बंदूक असते. आधी सेफ्टी (चाप अडवणारी कळ) लागली आहे का ते पाहा, काडतूस काढा, दोन्ही पावलं वीस वेळा वरखाली हलवा, मग बुंध्याचा आधार घेत उठा.

सांधे मोकळे ठेवायला उकिडवं बसण्यासारखा दुसरा उपाय नाही. टाचा जमिनीला टेकवून रोज एकूण ५ मिनिटं, जमेल तसे तुकडे पाडून. टाचा उचलल्या जात असतील तर सुरुवातीला त्यांखाली इंचभर फळी घ्या. गुडघा जुना दुखरा असेल तर याऐवजी खुर्चीवरून हात न टेकता सावकाश उठा-बसा, १० चे ३ फेरे.

बंदूक धरून थांबणं

बारा गेजची (गेज म्हणजे नळीच्या रुंदीचं माप) शॉटगन, म्हणजे छऱ्यांची बंदूक, साधारण तीन-साडेतीन किलोची. गुडघ्याचा आधार असला तरी दस्त्याला गाल लावून पाच-सात मिनिटं थांबलं की पुढचा हात थरथरायला लागतो. सरावाला खरी बंदूक नको, तीन किलोचा डंबेल किंवा वाळू भरलेला पाइप घ्या. भिंतीजवळच्या बैठकीत तो नेमाच्या उंचीवर धरा: ३० सेकंद धरा, ३० सेकंद सोडा, असं ६ वेळा. दर आठवड्याला धरण्याचा वेळ १० सेकंदांनी वाढवा. मग पाय अजिबात न हलवता कंबरेपासून वरचं अंग डावीकडे-उजवीकडे सावकाश फिरवा, प्रत्येक बाजूला ८ वेळा. याचं कारण प्रत्यक्षात कळतं. नराचं डोकं झाडामागे गेलं, किंवा पिसारा फुलवून तो पाठमोरा झाला, तरच तुम्हाला हलायला एक-दोन सेकंद मिळतात. त्यात पाय सरकवायला सवड नसते.

जोर रोज १० ते १५ काढले तर खांदा बार उडतानाचा धक्का नीट झेलतो. मात्र तीन-साडेतीन इंची मॅग्नम (जास्त जोराच्या) काडतुसांचा धक्का बसून जास्त लागतो, कारण उभं असताना शरीर मागे जातं, झाडाला टेकल्यावर जात नाही. बंदुकीचा सराव हलक्या काडतुसांनी करा आणि नेम तपासण्यापुरतीच जड काडतुसं तीन-चार उडवा. दुखऱ्या खांद्याने दहावीस वेळा उडवलं की धक्क्याआधी डोळे मिटण्याची सवय लागते, आणि ती सुटता सुटत नाही.

चढण, आणि त्याहून उतरण

चढाने धाप लागते, पण दुसऱ्या दिवशी पाय धरतात ते उतारामुळे. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच वजन पेलतात. दुखणं एक ते तीन दिवसांनी भरात येतं, म्हणजे ऐन शिकारीत. आठ इंची पायरीवर उभं राहून एक पाय ३ सेकंद मोजत खाली सोडा, टाच हलकेच टेकवा, परत वर. प्रत्येक पायाने १०, असे ३ फेरे, आठवड्यातून दोनदा. गुडघा आतल्या बाजूला झुकू देऊ नका. मांड्या एकदा अशा सरावल्या की काही आठवडे तेवढ्या दुखत नाहीत. त्यामुळे शेवटचा जोरकस उतार शिकारीआधी १० ते १४ दिवस करून ठेवा, त्यानंतर हलकंच चाला.

न्यू जर्सी किंवा शिकागोकडे जानेवारी-फेब्रुवारीत बाहेर बर्फ असतो. तेव्हा इमारतीचे जिने, नाहीतर ट्रेडमिलवर १० ते १२ टक्के चढ. आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं. बोलता येईल पण गाता येणार नाही, एवढा वेग पुरे. हंगामातले बूट याच वेळी घालून रुळवा.

ओझ्याचा हिशेब साधा आहे. कॉल काढायची साधनं, पाणी, डीकॉय (टर्कीला भुलवणारा खोटा पक्षी) धरून जॅकेट चार-पाच किलोचं, बंदूक तीन-साडेतीन, आणि परतताना नर टर्की आठ-दहा किलोची. म्हणून पाठीवर ५ किलोपासून सुरू करून दर आठवड्याला दीड किलो वाढवा, आठव्या आठवड्यापर्यंत १५-१६ किलो. वजन आणि अंतर एकाच आठवड्यात वाढवलं की टाच किंवा नडगी दुखायला लागते.

कोलोरॅडो किंवा न्यू मेक्सिकोत मेरियम जातीची टर्की दोन हजार मीटरच्या वर सापडते. तिथे जायचं तर दोन दिवस आधी पोचा. विरळ हवेचा त्रास धट्ट्याकट्ट्या माणसालाही होऊ शकतो.

शेवटचा आठवडा

सूर्योदयाच्या तासभर आधी झाडाखाली असायचं, म्हणजे साडेतीन-चारला उठणं आलं. आठवडाभर आधीपासून रोज २०-३० मिनिटं लवकर झोपा. अंधारात चालताना जाड कोट अंगात न घालता पाठीवर बांधा आणि हळू चाला. घामेजून बसलात तर अर्ध्या तासात अंग गार पडून आखडतं. पाणी सव्वा लिटर, घोटघोट. खायला शेंगदाण्याची चिक्की उत्तम: लहान, पोटभरीची. प्लास्टिकमधून आधीच काढून कापडात गुंडाळा, नाहीतर वेष्टनाची चुरचुर टर्कीला ऐकू जाते.

पक्षी मिळाला तर तो नारिंगी पिशवीत किंवा कापडात पूर्ण गुंडाळून खांद्यावर घ्या. लाल-पांढरं डोकं बाहेर लोंबत राहिलं तर दुसऱ्या शिकाऱ्याची फसगत होऊ शकते. ओझं दर दहा मिनिटांनी खांदा बदलून वाहा. गाडीपाशी पोचल्यावर गुडघ्यामागे, जांघेत आणि कंबरपट्ट्याखाली गोचिडी तपासा, कारण तासन्‌तास जमिनीवर बसलेल्या माणसाला त्या हमखास चिकटतात आणि काही राज्यांत त्यांच्यापासून लाइम रोग हा जिवाणूंचा आजार होतो.