युगांडाच्या ऑइल प्रोजेक्टची ऑफर आलीय? पगाराच्या आधी पोझिशन बघा

टिलेंगा आणि किंगफिशर ही तेलाची फील्ड्स, ईकॉप ही त्यांची पाइपलाइन, ऑफर आलेला माणूस एवढं गूगल करतोच. तेल सापडलं २००६ ला, टोटलएनर्जीज आणि चायनाच्या सीएनओओसीने पैसे घालायचं फायनल केलं २०२२ ला, आणि होइमापासून टांझानियाच्या टांगापर्यंत १४४३ किलोमीटर पाइपलाइन. बस.

"टोटलमध्ये लागलो" असं घरी सांगत सुटू नका. टोटलचा कॉन्ट्रॅक्टर, त्याचा सबकॉन्ट्रॅक्टर, त्याला माणसं पुरवणारी एजन्सी, आणि तिथे आपण. यात कमीपणा काही नाही, गल्फमध्येपण हेच चालतं. पण ऑफर लेटरवर विसंबायची गल्फची सवयच इथे नडते.

नीट वाचा. युगांडात २०१३ चा पेट्रोलियम कायदा आहे आणि २०१६ चे नॅशनल कंटेंटचे, म्हणजे लोकल माणसांना आणि मालाला आधी संधी द्यायचे, नियम आहेत. फॉरेनरला कुठल्या पोझिशनवर आणायचं, का आणायचं, आणि त्याच्या जागी युगांडाचा माणूस कधी तयार होणार, हे सगळं कंपनीला पेट्रोलियम अथॉरिटीला दाखवावं लागतं. म्हणजे तुमच्या खुर्चीला तुम्ही बसायच्या आधीच एक्स्पायरी असते. माझ्या ऑफर लेटरवर दोन वर्षं लिहिलेली, एजन्सीने अथॉरिटीसाठी दिलेल्या प्लॅनमध्ये मात्र वर्षभरात लोकल माणूस येणार होता, आणि हे मला कळलं कधी, तर वर्क परमिट रिन्यू करायची वेळ आल्यावर. तोपर्यंत इकडे फ्लॅटचा हप्ता सुरू. परत सांगतो, ऑफर लेटरमधली मुदत आणि प्लॅनमधली मुदत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि चालते दुसरी. म्हणून सही करायच्या आधी ईमेलवर विचारा: परमिट कोणाच्या नावावर, पोझिशनचं नाव काय, सक्सेशन, म्हणजे खुर्ची लोकल माणसाकडे, किती महिन्यांत. फोनवर नाही, ईमेलवर. एजंट "सर टेन्शन मत लो" म्हणाला की टेन्शन घ्या.

आणि व्हिजिट व्हिसावर "आधी या, परमिट मागून काढू" म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा.

घाबरवत नाहीये, काम खरंच भारी आहे. तिथलं क्रूड मेणचट, गार झालं की थिजतं, म्हणून अख्खी लाइन ५० डिग्रीच्या आसपास गरम ठेवायची. पाइपवर फोमचं इन्सुलेशन, हीट ट्रेसिंग म्हणजे पाइपला लागून गरम करणारी केबल, हे सगळं बघायला मिळणं नशीब. आपल्याकडे बाडमेरच्या मंगला फील्डची लाइन अशीच गरम ठेवतात, तिथे काम केलं असेल तर सीव्हीत सगळ्यात वर लिहा. तो "ऑफशोअर प्लेसमेंट गॅरंटी"वाला कोर्स मात्र करू नका, युगांडाला समुद्रच नाहीये राव.

काही सीनियर सांगतील, अंडरस्टडीला, म्हणजे तुमच्या जागी तयार होणाऱ्या लोकल माणसाला, सगळं शिकवू नको, नाहीतर लवकर घरी जाशील. असल्या गुरूंपासून लांब राहा. प्लॅनमध्ये तारीख ठरलीय, तुम्ही लपवलंत तरी जाणारच. माझ्या हाताखाली जो पोरगा होता तो माझ्यापेक्षा हुशार निघाला, आणि पुढची नोकरी मला त्याच्याच शब्दावर मिळाली, एजन्सीच्या नाही.

टिलेंगाच्या बुलिसा भागात पोस्टिंग असेल तर प्रोजेक्टसाठी घेतलेल्या जमिनीचा विषय निघणारच. मोजणीची कटऑफ तारीख लागली की तिथे नवीन झाडं लावता येत नव्हती, आणि मोबदला यायला काहींना वर्षं लागली. यावरून फ्रान्समध्ये टोटलवर केसपण झाली. गावातला कोणी चिडून बोलला तर कंपनीची बाजू मांडायला जाऊ नका, ऐकून घ्या. ते आपलं काम नाही.

बाकी किरकोळ. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरला विचारा. पिवळ्या तापाची लस निघायच्या निदान १० दिवस आधी, आणि ते पिवळं कार्ड पासपोर्टलाच जोडून ठेवा, येताना मुंबई एअरपोर्टवर मागतात आणि नसेल तर घरी न जाता क्वारंटाइन.