बारमाही सर्दी, सायनस आणि नोकरी

धुळीची किंवा परागकणांची अ‍ॅलर्जी असलेल्या नोकरदाराने उपचार शिंका सुरू झाल्यावर नव्हे, तर हंगाम पाहून आधीच सुरू करावेत. मराठवाड्यात हा हंगाम सहसा चुकत नाही. पावसाळ्याच्या उत्तरार्धात रस्त्याकडेचे गाजर गवत फुलते, दसरा-दिवाळीच्या सुमारास सोयाबीनच्या मळणीची आणि मोंढ्यातल्या (धान्यबाजारातल्या) आवकेची धूळ उडते, मग जिनिंगमध्ये (सरकी काढण्याच्या कारखान्यात) कापसाचे तंतू हवेत तरंगू लागतात. उन्हाळा लागताच माळ्यावरचा कूलर खाली येतो. त्याच्या जुन्या गवतावर बुरशी असते, म्हणून गवत बदलून आणि टाकी घासूनच तो लावावा.

डॉक्टरांनी नाकाचा स्टेरॉइड स्प्रे लिहून दिला असेल, तर त्याचा पूर्ण गुण यायला दोन आठवडेही लागू शकतात, त्यामुळे त्रासाचा महिना लागण्याआधी तेवढे दिवस तो सुरू करून रोज घ्यावा. अनेकांना गुण येत नाही तो फवारण्याच्या पद्धतीमुळे. मान किंचित पुढे झुकवून उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने आणि डाव्या नाकपुडीत उजव्या हाताने, तोटी त्या बाजूच्या कानाच्या दिशेने वळवून फवारा मारावा; मधल्या पडद्यावर मारल्यास नाकातून रक्त येते आणि जोरात ओढल्यास औषध घशात उतरते. मेडिकलमधून आणलेले, नाक तत्काळ मोकळे करणारे थेंब मात्र ३ ते ५ दिवसांपलीकडे वापरू नयेत, कारण पुढे त्यांच्यामुळेच नाक अधिक चोंदते.

कामावरून आल्यावर, स्प्रेच्या आधी, मिठाच्या पाण्याने नाक धुवावे. सुमारे २४० मिली पाण्यात अर्धा चहाचा चमचा मीठ पुरते. पाणी उकळून कोमट केलेलेच हवे. बोअरचे किंवा टँकरचे पाणी तसेच नाकात घालणे धोक्याचे आहे.

सेटिरिझिनची गोळी स्वस्त असली तरी अनेकांना तिने गुंगी येते. यंत्रावर काम करणाऱ्यांनी किंवा दुचाकीने कामाची पाळी (शिफ्ट) गाठणाऱ्यांनी कमी झोप आणणारी फेक्सोफेनाडिन चालेल का, हे डॉक्टरांना विचारावे. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक धूळ अडवत नाही. तिथे नीट बसणारा एन-९५ मास्कच लागतो.

साहेबांकडे नुसती तक्रार नेण्यापेक्षा नेमकी मागणी न्यावी: झाडू मारण्याऐवजी ओले पुसणे, गोदामापासून दूरचे टेबल, हंगामापुरती बदललेली पाळी. वाळूज किंवा चिकलठाण्यासारख्या औद्योगिक वसाहतींतल्या कारखान्यांत ज्यांची ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कपात होते, त्यांना वर्गणीच्या अटी पूर्ण असल्यास, डॉक्टरांच्या प्रमाणपत्रावर वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के आजारपणाचा लाभ मिळू शकतो. म्हणून आजारपणाची रजा विनावेतन टाकण्याची घाई करू नये.

सर्दी १० दिवसांहून अधिक टिकली किंवा बरी होऊन पुन्हा उलटली तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे, अँटिबायोटिक मनाने घेऊ नये. डोळ्याभोवती सूज, दोन-दोन दिसणे किंवा छातीत घरघर असल्यास, आणि मधुमेह्याचा चेहरा एका बाजूने दुखत असल्यास, पाळी सोडून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.