कुलंगवर रात्र काढायची असेल तर

कुलंग किल्ल्यावर मुक्कामाला जायचंय म्हणून दुकानात कुणी विचारायला आलं की मी आधी एकच विचारतो, अंधार किती वाजता पडतो? समोरच्याला सॅक कुठली घेऊ, बूट कुठले घेऊ हे हवं असतं. ते सांगतो मी, पण नंतर. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमाराला सूर्य बुडतो आणि साडेसहाला झाडीत पायाखालचा दगड दिसेनासा होतो. मुक्कामी ट्रेकचं सगळं गणित इथून उलटं मांडायचं.

माझं नाशिकरोडला औषधाचं दुकान आहे. मोजण्याची सवय धंद्यातलीच. कुलंगला मी आतापर्यंत सहा वेळा गेलोय, त्यातल्या पहिल्या वेळी पोचलोच नाही.

इगतपुरी तालुक्यात आंबेवाडी म्हणून गाव आहे. गावात उभं राहिलं की समोर डावीकडून अलंग, मदन आणि कुलंग असे तिघे ओळीत दिसतात. अलंग-मदनला दोर लागतो, मदनच्या तर पायऱ्याच तुटल्यात. कुलंगला दोर लागत नाही, लागतो तो फक्त दम. किल्ला १४७० मीटरच्या आसपास उंच, आणि गावापासून अडीच हजार फुटांच्या वर चढाई. पाठीवर मुक्कामाचं ओझं घेऊन चार ते पाच तास. कळसूबाई यापेक्षा उंच आहे हे खरं, पण तिथे शिड्या आहेत, माणसांची वर्दळ आहे, सरबतवाले आहेत. इथे आठवड्याच्या मधल्या दिवशी गेलात तर दोन दिवसांत एक माणूस भेटणार नाही.

आता उलटं गणित. वर पोचल्यावर गुहा झाडायची, कातळात खोदलेल्या टाक्यावरून पाणी आणायचं, चूल नव्हे बर्नर मांडायचा. हे उजेडात व्हायला हवं, म्हणजे चारला वर. मध्ये कुणाला तरी पेटके येणार, कुणीतरी फोटो काढत मागे राहणार, त्याचे दोन तास धरा. म्हणजे दोनला वर. चढाई पाच तास, जेवणाचा अर्धा तास. साडेआठला गाव सोडायलाच हवं. आम्ही त्यातही तास काढून साडेसातला निघतो, म्हणून नाशिकहून पहाटे पाचला गाडी. घोटीला चहा. मुंबईकरांनी कसाऱ्याला लोकलने येऊन पुढे जीप बघायची, नाहीतर सरळ आदल्या रात्रीच गावात येऊन झोपायचं. तेच बरं. आणखी एक नियम आहे, तो घरूनच ठरवून निघा: दोन वाजेपर्यंत कातळातल्या पायऱ्यांना हात लागला नाही तर मागे फिरायचं. वर गेल्यावर ठरवू म्हणालात तर वर जाण्याकडेच कौल पडतो.

पहिल्या वेळी आम्ही पाच जण साडेदहाला निघालो होतो. वाटाड्या घेतला नाही, कारण "दिसतोय की समोर!" समोर दिसणारा डोंगर झाडीत शिरल्यावर दिसत नाही, एवढी साधी गोष्ट पाचांपैकी एकाच्याही डोक्यात आली नाही. कारवीत ढोरवाटांचं जाळं असतं. ढोरवाट सुरुवातीला मळलेली, छान रुंद असते, आणि गुरं जिथे चरायला पांगतात तिथे तीही पांगते. अशा तीन वाटा आम्ही धरल्या नि सोडल्या. सहा वाजता एका आंब्याखाली बसकण मारली तेव्हा पाच जणांत दीड बाटली पाणी होतं. रात्री कुणी झोपलं नाही. शेंगदाण्याची चटणी होती भरपूर, पण तहानेल्या तोंडाने ती खाऊन बघा एकदा.

तेव्हापासून गावातला एक मामा ठरलेला आहे. दोन दिवस आधी निरोप, पैसे आधीच बोलून घेतलेले. तो मुक्कामाला वर राहणार असेल तर स्वयंपाक एका माणसाचा जास्त आणि एक जादा पांघरूण, हे त्याच्या गळ्यात न टाकता आपण न्यायचं. एका वर्षी मी त्याला फोनवर सहज म्हटलं, अकरापर्यंत येतो. तो म्हणाला, "या की. पण मग वरती नका सैपाक करू, रानातच करू. तिथंच झोपायचंय ना?" आम्ही सातला हजर.

पाणी. गाव सोडल्यावर वाटेत पाण्याचा भरवसा धरू नका. माणशी चार लिटर, आणि वर पोचताना त्यातलं एक लिटर उरलेलं असलं पाहिजे. वर टाकी भरपूर आहेत. किल्ल्याच्या एका टोकाला दोन टेकाडांच्या मधल्या घळीत चक्क भिंत बांधून पाणी अडवलंय आणि गोमुखातून ते खालच्या टाक्यांत सोडलंय. धरणाची शाळेतली आकृती आठवेल. हे बघायला जाच. प्यायचं पाणी कुठल्या टाक्यातलं हे मामाला विचारा, दरवर्षी तेच टाकं चांगलं असेल असं नाही. मी सुती पंचा चौपदरी करून गाळतो, मग खळाखळा उकळतो. उकळायला गॅस पुरणार नसेल तर क्लोरीनचे थेंब टाकून अर्धा तास झाकून ठेवायचं. टाक्यात पाय बुडवणं, भांडी घासणं, साबण लावणं या गोष्टी करणाऱ्याला मी पुन्हा बरोबर नेत नाही. परसाकडेही टाक्यापासून लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला, खड्डा करून.

ओझं. घरचा वजनकाटा काढा. माझी यादी अशी भरते: पाणी चार किलो, स्लीपिंग बॅग सव्वा, सॅक स्वतः सव्वा, शिधा सव्वा, कपडे पाऊण, कॅरीमॅट (अंथरायची गुंडाळी), टॉर्च, औषधं मिळून पाऊण. सव्वानऊ किलो. दहाच्या वर काटा गेला की मी एकेक वस्तू बाहेर काढतो, आणि निघते ती नेहमी जास्तीची जीन्सच. जीन्स नकोच मुळी, भिजली की वाळत नाही. रात्री वर पारा दहाच्या आसपास उतरतो, वारा वेगळाच. एक बंद गळ्याचा स्वेटर, कानटोपी आणि झोपण्यापुरते कोरडे मोजे, एवढं बास. टॉर्च डोक्याला बांधायचा, हातातला नको. पायऱ्यांवर दोन्ही हात मोकळे लागतात.

कॅरीमॅट आडवी बांधू नका, हे मात्र ठळक लक्षात ठेवा. वरच्या टप्प्यात कातळात खोदलेल्या पायऱ्या आहेत, काही गुडघाभर उंच, काही झिजलेल्या. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला दरी. आडव्या मॅटचं टोक कातळाला थटतं आणि तुम्हाला हलकेच दरीकडे ढकलतं. मी हे मागून चालताना पाहिलंय, पोटात गोळा आला होता. मॅट उभी, नाहीतर सॅकच्या आत. ज्यांना उंचीची भीती वाटते त्यांना मध्ये घ्या, आणि त्यांच्याशी बोलू नका. "खाली बघू नकोस" म्हटलं की माणूस आधी खालीच बघतो.

तयारीला नाशिकच्या पांडवलेण्याच्या पायऱ्या पुरेत. महिनाभर आधीपासून सकाळी, पाठीवर पाण्याच्या चार भरलेल्या बाटल्या. शेवटच्या रविवारी नाशिकजवळचा रामशेज किल्ला, बूट तेच जे कुलंगला घालणार. निघायच्या दोन दिवस आधी पायाची नखं कापा. चढताना काही होत नाही, उतरताना अंगठा बुटाच्या टोकाला तीन-चार तास आपटतो आणि नख काळं पडतं. टाचेला आधीच मायक्रोपोर, म्हणजे कागदी चिकटपट्टी, लावा. फोड आल्यावर लावायला माझ्याकडे खूप जण येतात.

बाकी औषधांत ओआरएसची चार पाकिटं, क्रेप बँडेज, जंतुनाशक, तुमची रोजची गोळी. सापासाठी काही नसतं नेण्यासारखं. गुहेत दगड हलवताना आधी काठी फिरवा, फुरसं दगडाखालीच बसतं. चावलाच तर चिरायचं नाही, करकचून बांधायचं नाही, हातपाय न हलवता उचलून खाली आणि १०८ ला फोन. रेंज सगळीकडे नसते, कुठे येते ते चढतानाच बघून ठेवा. कड्याला आग्यामोहोळ असतात. धूर नको, अत्तर नको, आरडाओरडा तर नकोच.

पावसाळ्यात हा मुक्काम करू नये असं माझं मत आहे. धुकं, शेवाळलेल्या पायऱ्या, आणि दिसत काहीच नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी चांगलं.

जेवणाचं मी घरूनच पुड्या बांधून नेतो. तांदूळ आणि मुगाची डाळ धुऊन वाळवून, माणशी एक वाटी, त्यातच हळद-तिखट-मीठ. फोडणीचं तेल छोट्या बाटलीत, लसूण सोललेला. सहा जणांची खिचडी एका पातेल्यात होते. वाटेला दशम्या, गूळ-शेंगदाणे, संत्री. सालं परत पिशवीत. लाकूड तोडायचं नाही, बर्नरच न्यायचा. रात्री सॅकच्या चेनी बंद करून उशाशी, नाहीतर पहाटे माकडं तुमच्याआधी नाश्ता उरकतात.

सकाळी सातला मदनच्या बाजूने उजाडतं. चहा घेऊन आठ-साडेआठला उतरायला लागा, पायऱ्यांवर तोंड कातळाकडे, घाई नाही. मामाच्या ओटीवर चपला ठेवून गेलेले असा. बूट काढून त्या घातल्या की काय वाटतं ते घालूनच कळेल.

आणि निघताना घरी चिठ्ठी ठेवायची राहिली सांगायची. कोण कोण, कुठली वाट, मामाचा नंबर, आणि रविवारी संध्याकाळी सहापर्यंत फोन आला नाही तर काय करायचं. आमच्याकडे ती फ्रिजवर असते. घोटीत रेंज आली की चहाआधी मी फोन लावतो. बायको "बरं" एवढंच म्हणते, आणि मागे चुंबक काढल्याचा टक् असा आवाज येतो.