भिजलेले इअरबड्स चार्जिंग केसमध्ये (डबीत) ठेवू नका, आणि बाकीच्या या चुका टाळा

पावसाळा आला की हे दरवर्षीचंच आहे, कुणाचे इअरबड्स स्टेशनवरून घरी येईपर्यंत चिंब होतात, कुणाचे जीन्सच्या खिशातून थेट वॉशिंग मशीनमध्ये जाऊन धुवून निघतात, आणि मग घरातलं कुणीतरी तांदळाचा डबा घेऊन येतं. आधी थांबा. नुसत्या साध्या पाण्यात पडलेले बड्स बऱ्याचदा वाचतात, पण पुढच्या तासाभरात घाईघाईने जे केलं जातं ना, त्यात ते कायमचे जातात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पुसल्यासारखं करून बड्स लगेच केसमध्ये ठेवणं. आपल्याला वाटतं जागेवर ठेवले, सेफ झाले. पण केसमध्ये गेले की आतल्या पिना बडला टेकतात आणि चार्जिंग आपोआप सुरू होतं, आपण बटण दाबो न दाबो. आता तिथे ओल आहे, त्या ओलीत घामाचे क्षार आहेत, आणि त्यातून करंट जातोय, म्हणजे धातू झिजायला जे जे लागतं ते सगळं एकत्र आलं. पिनांवरचा पातळ मुलामा जातो, खालचं तांबं हिरवं पडतं, आणि मग आठवड्याभराने एक बड चार्जच होत नाही आणि आपण म्हणतो कालपर्यंत तर नीट चालत होता. शिवाय बॉक्सवर जे आयपीएक्स४ वगैरे, म्हणजे पाण्यापासून किती संरक्षण आहे त्याचं रेटिंग, लिहिलेलं असतं ते बऱ्याच मॉडेलमध्ये फक्त बड्सना लागू असतं, केसला काहीच प्रोटेक्शन नसतं, त्यामुळे ओले बड्स आत टाकले की केसही बिघडायची शक्यता.

दुसरी चूक, "चालतायत का बघू" म्हणून गाणं लावणं. मोह होतो हे खरं, पण ओल्या सर्किटमध्ये जितका वेळ करंट तितकं नुकसान. फोनचं ब्लूटूथ बंद करा म्हणजे बरेचसे बड्स थोड्या वेळाने स्वतःच ऑफ होतात, नेकबँड असेल तर बटणाने ऑफ करा, वायरवाले असतील तर फोनमधून आधी काढा. स्पीकरमधलं पाणी काढायचे आवाज वाजवणारे अ‍ॅप असतात ते फोनच्या स्पीकरसाठी ठीक आहेत, ओल्या बड्ससाठी नकोत, कारण त्यासाठी बड्स चालू ठेवावे लागतात.

मग करायचं काय? सिलिकॉनचे टिप्स काढा, त्यांच्या आत पाणी साचून राहतं. सुक्या सुती कपड्याने पुसा, आवाज येतो ती जाळी खाली धरून टिश्यूवर हलकेच टेकवा म्हणजे टिश्यू पाणी ओढून घेतो. जोरात झटकू नका आणि तोंडाने फुंकर तर अजिबात मारू नका, पाणी उलट आत ढकललं जातं. केसही भिजली असेल तर ती पुसून झाकण उघडं ठेवून उलटी ठेवा. मग किमान एक दिवस, मशीनमधून निघाले असतील तर दोन दिवस, पंख्याखाली. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये हवाच इतकी दमट असते की पंख्याने नीट सुकत नाही, तेव्हा बुटांच्या खोक्यात येतात त्या सिलिका जेलच्या पुड्या घट्ट झाकणाच्या डब्यात टाकून त्यात बड्स ठेवा.

तांदूळ नको. अ‍ॅपलने तर २०२४ मध्ये आयफोनबद्दल स्पष्टच सांगितलं की ओला फोन तांदळात ठेवू नका, बारीक कण आत जाऊन नुकसान होऊ शकतं, आणि बड्सची जाळी तर त्याहून नाजूक. हेअर ड्रायर, कडक ऊन, गॅसजवळची जागा हेही नको, उष्णतेने आतला गोंद सुटतो, आवाज करणारा पातळ पडदा वाकतो, आणि आत लिथियम बॅटरी आहे हे विसरू नका.

समुद्राचं किंवा साबणाचं पाणी असेल तर मात्र नुसतं सुकवून भागत नाही, पाणी उडून गेलं तरी मीठ मागे राहतं आणि आतून कुरतडत बसतं. अशा वेळी कपडा गोड्या पाण्यात किंचित ओला करून त्याने पुसा, मग सुका कपडा, मग सुकवणं.

सुकल्यावरही प्रॉब्लेम असेल तर एकेक बघा. एका कानात आवाज कमी येत असेल तर बहुतेक जाळीत मळ फुगून बसलेला असतो, सुक्या मऊ टूथब्रशने जाळी खाली धरून झाडा, सुई घालू नका. चार्ज होत नसेल तर कान साफ करायच्या कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून फक्त धातूच्या पिना पुसा, त्याऐवजी सॅनिटायझर वापरू नका कारण त्यात पाणी आणि चिकट घटक असतात. एकच बड कनेक्ट होत असेल तर फोनमधून पेअरिंग काढून दोन्ही रिसेट करा. वायरवाल्यांमध्ये गाणं आपोआप थांबत असेल किंवा फोनचा व्हॉइस असिस्टंट मध्येच उघडत असेल तर बटणाच्या डबीत ओल आहे, अजून सुकू द्या.

चार्जिंगला बड किंवा केस गरम व्हायला लागली, फुगली, जोड उघडा पडला, तर तिथेच थांबायचं. ती गोष्ट कानात घालायची आहे, पैसे वाचवायच्या नादात रिस्क घेऊ नका. घरच्या कचऱ्यातही टाकू नका, ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या, २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांत वापरलेल्या बॅटऱ्या घरच्या कचऱ्यापासून वेगळ्या ठेवायला सांगितलंय.

रिपेअरचं म्हणाल तर वायरवाल्यांची पिन किंवा वायर मोबाईलच्या दुकानात सोल्डर करून मिळते आणि ते परवडतं. ट्रू वायरलेस बड्स, म्हणजे दोन बडमध्ये वायरच नसलेले, गोंदाने चिकटवलेले असतात, उघडले की पाण्यापासूनचं संरक्षण गेलंच समजा, म्हणून त्यात पैसे घालावेत असं मला वाटत नाही. वॉरंटीत पाण्याचं नुकसान बहुतेक वेळा धरत नाहीत, तरी कार्ड वाचा आणि विचारा, कारण काही कंपन्या एकच बड किंवा नुसती केस विकत देतात, अ‍ॅपलही एअरपॉड्सचा एकच बड बदलून देते. ऑनलाइन सेकंडहँड सिंगल बड घेताना मॉडेल नंबर अगदी तोच आहे ना बघा, नाहीतर जोडीच जुळत नाही.

नवीन घ्यायचेच असतील तर आयपीएक्स४ म्हणजे शिंतोडे आणि घाम, आयपीएक्स७ म्हणजे १ मीटर गोड्या पाण्यात ३० मिनिटं, तेही टेस्टमध्ये नवीन पीसवर, वापरून सील सैल झालेल्या पीसवर नाही. पावसात रोज प्रवास असेल तर निदान आयपीएक्स५ बघा, आणि दुकानदाराला केसचं रेटिंग वेगळं विचारा.