शुभवर्तमानांचा अभ्यास सुरू करणाऱ्यांसाठी

नवे विद्यार्थी भेटले की पहिलाच प्रश्न येतो : शुभवर्तमानं, म्हणजे बायबलच्या नव्या करारातली येशूची चार वृत्तान्तं (मत्तय, मार्क, लूक, योहान), ही इतिहास, चरित्र की प्रचार? माझं सांगणं ठरलेलं आहे. हा प्रश्न थोडे दिवस बाजूला ठेवा आणि मार्क एका बैठकीत वाचून काढा. दीड-दोन तास पुरतात. रोज एखादा उतारा वाचणाऱ्यांच्या जे लक्षात येत नाही ते इथे लगेच दिसतं : जन्मकथा नाही, बालपण नाही, आणि 16 अध्यायांपैकी शेवटचे 6 जवळजवळ एकाच आठवड्यावर खर्ची पडलेत.

मग तीन रंगांच्या पेन्सिली घ्या आणि मार्क, मत्तय, लूक शेजारी ठेवून एकच प्रसंग वाचा. मी नेहमी याईराच्या मुलीचा प्रसंग देते : याईर नावाचा बाप येशूला घरी बोलावतो आणि येशू मेलेल्या मुलीला उठवतो. मार्कमध्ये त्याला 23 वचनं (अध्यायातले क्रमांकित छोटे भाग) लागतात, मत्तय 9 वचनांत उरकतो. वाटेत भेटणाऱ्या रक्तस्रावी बाईबद्दल मार्क सांगतो की वैद्यांनी तिचे हाल केले, होतं नव्हतं ते संपलं, आणि दुखणं उलट बळावलं. लूक हे सौम्य करतो. मत्तय वैद्यांचं नावच काढत नाही. मार्कमध्ये बाप येतो तेव्हा मुलगी शेवटच्या घटका मोजतेय, मत्तयमध्ये ती आधीच गेलेली आहे. मार्क आधीचा आणि इतर दोघांनी तो समोर ठेवून लिहिलं, हे बहुतेक अभ्यासकांचं मत कशावर उभं आहे ते अशा उताऱ्यांतून स्वतःच्या डोळ्यांनी कळतं. मार्क साधारण इ.स. 70 च्या आसपासचा मानतात.

आता सिद्धान्तांकडे वळा. 1919 मध्ये श्मिट आणि डिबेलियस, 1921 मध्ये बुल्टमान या जर्मन अभ्यासकांनी मांडलं की हे प्रसंग आधी सुटे सुटे, तोंडोतोंडी फिरत होते आणि लेखकाने ते ओवले. म्हणून ही चरित्रं नव्हेत. लीळाचरित्र वाचलेल्याला हे पटकन उमगेल : म्हाइंभटांनीही चक्रधरांच्या आठवणी अनुयायांकडून गोळा करूनच ग्रंथ रचला. पण सुट्या आठवणींतून चरित्र होऊ शकत नाही, हे कुणी ठरवलं? 1977 मध्ये टॅलबर्ट आणि 1992 मध्ये बरिज या अभ्यासकांनी ग्रीक-रोमन चरित्रांशी तुलना करून हा प्रश्न पुन्हा उघडला. मला बरिजची बाजू पटते : शुभवर्तमानं त्या काळच्या अर्थाने चरित्रंच आहेत. शेवटच्या आठवड्याला एवढी जागा देणारं चरित्र असतं का, असं विचारणाऱ्याने रोमन इतिहासकार टॅसिटसने लिहिलेलं सासऱ्याचं, सेनापती अग्रिकोलाचं चरित्र पाहावं : 46 प्रकरणांपैकी 10 एकाच लढाईची. आणि ग्रीक चरित्रकार प्लुटार्क अलेक्झांडरच्या चरित्राच्या सुरुवातीला स्वच्छ सांगतो की तो इतिहास लिहीत नाही. माणसाचा स्वभाव मोठ्या लढायांपेक्षा एखाद्या बोलण्यातून किंवा थट्टेतून जास्त कळतो.

तरी ग्रीक चरित्रांवर थांबू नका, अर्धी मुळं यहुदी शास्त्रात आहेत. त्यातल्या ‘1 राजे’ या पुस्तकाच्या 17 व्या अध्यायापासून एलीया आणि अलीशा या संदेष्ट्यांच्या कथा सलग वाचा. 2 राजे 4 मध्ये अलीशा शूनेमच्या बाईचा मेलेला मुलगा उठवतो; तो उतारा याईराच्या प्रसंगाशेजारी चौथा म्हणून ठेवा. शुभवर्तमानांची मूळ भाषा ग्रीक; ती शिकायची असेल तर तेही मार्कपासूनच : वाक्यं छोटी, ‘आणि’ने जोडलेली. लूकची प्रस्तावना, म्हणजे पहिली चार वचनं, नंतरसाठी ठेवा. ते एकच लांबलचक, घडीव वाक्य आहे.