मायक्रोकंट्रोलरच्या 3.3 व्होल्टच्या पिनवर 5 व्होल्टचा सेन्सर जोडताना

आधी डिव्हायडर, म्हणजे व्होल्टेज विभागणारे दोन रेझिस्टर: सेन्सरकडून 10 किलोओह्म, ग्राउंडकडे 18 किलोओह्म. 5 व्होल्टला 3.21 व्होल्ट मिळतात. 10 आणि 20 ची जोडी 3.33 देते, म्हणजे मोजमाप वरच्या टोकाला अडकतं.

दोन रेझिस्टरच्या सांध्यावर बीएटी54एस शॉटकी जोडी (एकाच पॅकेजमधले दोन डायोड, जादा व्होल्टेज वळवणारे) लावा: मधला पाय सांध्याला, मोकळा कॅथोड 3.3 व्होल्टला, मोकळा अॅनोड ग्राउंडला. तिथून 1 किलोओह्ममधून पिन, आणि पिनजवळ ग्राउंडला 100 नॅनोफॅरड. हा फिल्टर साधारण 210 हर्ट्झच्या वरचं कापतो. तापमान किंवा दाबासाठी ठीक, आवाजासाठी नाही.

खरी गोम पुढे आहे. चुकून 24 व्होल्ट आले तर सुमारे 1.8 मिलिअँपिअर डायोडमधून 3.3 व्होल्टच्या रेलमध्ये, म्हणजे बोर्डच्या पुरवठ्याच्या तारेत, शिरतो. साधा रेग्युलेटर करंट देतो, परत घेत नाही. कंट्रोलर झोपलेला असेल, म्हणजे जेमतेम करंट घेत असेल, तर रेल वर चढते आणि पिन वाचवताना अख्खा बोर्ड जातो! रेल आणि ग्राउंडमध्ये 1 किलोओह्म टाका, तो 3.3 मिलिअँपिअर पितो. बॅटरीवर हे परवडत नसेल तर डिव्हायडरचे दोन्ही रेझिस्टर आणि रेलवरचा 1 किलोओह्मही दहापट करा, मात्र मग फिल्टरही जवळजवळ नऊपट मंद होतो आणि डायोडची गळती (बंद असतानाही झिरपणारा करंट) बोचते: 1 मायक्रोअँपिअरला तब्बल 64 मिलिव्होल्टची चूक.

या जोडीऐवजी 3.3 व्होल्टचा झेनर (ठरावीक व्होल्टेजला करंट वाहू देणारा डायोड) नको. तो 3.3 च्या बराच आधीपासून करंट ओढू लागतो.

कंट्रोलर जोडण्याआधी रेल चालू ठेवून सेन्सरच्या टोकाला 24 व्होल्ट द्या, सांध्यावर 3.6 च्या आसपास दिसायला हवेत.