कॉकाटील हाताला येत नाही? आधी या चुका तपासा

सुरुवातीलाच एक विषय मिटवू. कंठवाला, पहाडी, टुई हे आपले देशी पोपट १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. ते घरात ठेवणं गुन्हा आहे, मग पक्षी विकत घेतलेला असो की कुणी आणून दिलेला. ठाण्यात येऊरच्या जंगलाच्या बाजूला पडलेलं पिल्लू सापडलं तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. घरी पाळायला राहतात ते परदेशी छोटे पोपट: बजी, कॉकाटील (डोक्यावर तुरा असलेला), लव्हबर्ड आणि कन्युअर. यातल्या कन्युअरची केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते, म्हणून घेतानाच विक्रेत्याकडून कागद मागा.

सगळ्यात जास्त नडते ती घाई. दुकानातून आणलेला पक्षी पहिल्याच संध्याकाळी सगळ्या घराला हाताळायचा असतो, आणि पिंजऱ्यात शिरलेला हात त्याच्या लेखी ससाण्याचा पंजा असतो. पिंजरा भिंतीला टेकवून, छातीच्या उंचीवर ठेवा; चारी बाजू उघड्या असल्या की पक्षी सतत दचकतो. तीन-चार दिवस फक्त दाणापाणी बदला. मग जवळ बसून हळू बोला आणि राळ्याचं कणीस गजांतून पुढे करा. दुकानात त्याला कांग म्हणतात. तिथे निवांत खाल्लं की तेच उघड्या दारात धरा, त्यानंतर तळहातावर. दिवसातून दोनदा, पाच-पाच मिनिटं, आणि तेही जेवणाआधी. पोट भरलेला पक्षी शिकत नाही.

तुऱ्याकडे लक्ष ठेवा. अर्धा उचललेला तुरा म्हणजे निवांत, ताठ उभा म्हणजे दचकलेला किंवा सावध. डोक्याला चिकटवून फिसफिसला तर एक पायरी मागे जा. हे काम आठवड्यांचं आहे, काहींना महिने लागतात.

चावल्यावर झटका देऊन हात ओढू नका, ओरडूही नका. झटक्याने हात गेला की ‘चावलं की हात जातो’ हा धडा पक्का होतो. हात स्थिर ठेवा, पक्ष्याला सावकाश दांडीवर उतरवा, आणि पुढच्या वेळी चावण्याआधीच थांबा.

माणसाळलेला पक्षी अचानक आक्रमक झाला, तर आधी मटकी (छोटं मडकं) शोधा. विक्रेते हौसेने पिंजऱ्यात मटकी टांगून देतात. ते घरटं असतं. अंधारी जागा, आरसा आणि पाठीवरून हात फिरवणं, या तिन्ही गोष्टी पक्ष्याला विणीच्या तयारीला लावतात. जोडीदार नसतानाही मादी अंडी घालते, आणि अंडं अडकलं तर जीव जाऊ शकतो. मटकी, आरसा काढा. कुरवाळायचं ते फक्त डोकं आणि मान.

चिडचिडीमागे अपुरी झोपही असते. हॉलमध्ये रात्री अकरापर्यंत टीव्ही चालतो आणि पिंजरा शेजारीच. दहा-बारा तास अंधार आणि शांतता हवी. कॉकाटील मात्र मिट्ट काळोखात दचकून फडफडतात, म्हणून बारीक दिवा राहू द्या, विसर्जनाच्या आणि दिवाळीच्या रात्री तर नक्कीच.

फ्लॅटची हवा हा खरा धोका. नॉनस्टिक तवा रिकामा तापत राहिला तर त्याच्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतो, आणि स्वयंपाकघराला लागून हॉल असेल तर ती वाफ पोहोचतेच. मच्छर कॉइल, धूप, रूम फ्रेशनरही पक्ष्याच्या खोलीत नकोत. बाहेर सोडण्याआधी छताचा पंखा बंद, सरकत्या खिडक्या बंद, काचेवर पडदा. सकाळी पंधरा-वीस मिनिटं ऊन द्यायचं तर पिंजऱ्यासकट, अर्धी सावली ठेवून, आणि तुम्ही शेजारी बसून. कावळे आणि घारी बाल्कनीपर्यंत येतात. काचेमागचं ऊन उपयोगाचं नाही.

खाण्यात नुसती सूर्यफुलाची बी चालत नाही. चरबी वाढते आणि अ जीवनसत्त्व कमी पडतं. ती बी बक्षिसापुरती ठेवा. रोज किसलेलं गाजर, लाल भोपळा, शेवग्याचा पाला, कोथिंबीर द्या. पेरू चालतो, मिरचीही (पक्ष्यांना ती तिखट लागत नाही). दूध-पोळी मात्र नको, पक्ष्यांना दूध पचत नाही. अॅव्होकाडो, चॉकलेट, चहा-कॉफी, कांदा पूर्ण वर्ज्य. पावसाळ्यात आपल्याकडच्या दमट हवेत शेंगदाण्याला आणि दाण्याला बुरशी लागते. पंधरा दिवसांपुरताच दाणा आणा, हवाबंद डब्यात ठेवा, कुबट वास आला तर फेका. मोड आलेलं धान्य दोन तासांनी उचला.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर आठवड्यातून एकदा, सकाळी खाण्याआधी वजन करून लिहून ठेवा. कॉकाटील साधारण ८० ते १०० ग्रॅम, बजी ३० ते ४०. पक्षी आजार लपवतात, त्यामुळे घट आधी काट्यावर दिसते. दहा टक्के वजन उतरलं, पिसं फुगवून तळाशी बसला किंवा श्वासासोबत शेपूट हलू लागली, तर त्याच दिवशी डॉक्टर. कुत्र्या-मांजरांचे सगळेच डॉक्टर पक्षी तपासत नाहीत, म्हणून तपासणाऱ्याचा नंबर पक्षी घरी येण्याआधीच शोधून ठेवा. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये फोन लावत बसण्याची ती वेळ नसते.